मुतखडा नव्हता

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बाळापूरच्या घरी, मला पहिल्यांदा रक्त दिसलं. लघवी नेहमीसारखीच झाली. अगदी शेवटी, आता संपलं असं वाटत असताना, तीन-चार लाल थेंब पडले. दुखलं असं नाही, थोडी जळजळ झाली. मगाने पाणी ओतलं, बाहेर आलो आणि आईला विचारलं, "काल बीट केलं होतं का गं?" नव्हतं केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी आबाजींना सांगितलं. बाबांना नाही. आबाजींनी ऐंशी ओलांडली आहे, त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही आणि माणसाच्या प्रत्येक आजारावर त्यांच्याकडे बैलाचा एक दाखला तयार असतो.

"मुतखडा हाये," त्यांनी ओसरीवरूनच निकाल दिला. "खारं पानी पेऊन पेऊन होते तो. सकायी उपाशीपोटी पानफुटीचा पाला खाय."

यात त्यांची चूक नव्हती. आमच्या तालुक्यातली कितीतरी गावं पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात येतात. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि किडनीच्या तक्रारी घरोघरी. कुणाला लघवीतून रक्त गेलं की गाव आधी खडा ठरवतं आणि मग सोनोग्राफीला पाठवतं. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, तर तो बारीक असेल, पडून गेला असेल. या निदानाला हरवणं अवघड आहे.

मी पाच महिने तेच मानून चाललो. पानफुटी खाल्ली, कुळथाचं कढण प्यालो, पुण्याला परत गेल्यावर दिवसाला चार लिटर पाणी पीत राहिलो. चार लिटर पाण्याने एक झालं, लाल रंग फिका दिसायला लागला.

*

आता आधीचं सांगतो. त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये कंपनीने मला मलावीला पाठवलं होतं. आफ्रिकेच्या आग्नेय भागातला, उभा लांबट, गरीब देश. तिथल्या एका बँकेचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं आणि माझ्या टीममध्ये पासपोर्ट तयार असलेला मी एकटाच होतो. लिलाँग्वेला सहा आठवडे काढले. डेटा स्थलांतर करायचं काम, रोज रात्री उशीर. एका शनिवारी बँकेतल्या दोन-तीन जणांनी केप मॅक्लिअरला नेलं. मलावी सरोवराचा दक्षिणेकडचा किनारा. पाणी इतकं स्वच्छ की छातीभर पाण्यात उभं राहून पायाचं नख दिसावं. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे पायांभोवती फिरतात. मी मन नदीत पोहायला शिकलेला माणूस. उन्हाळ्यात म्हशींच्या शेजारी, हिरव्या पाण्यात. मला तो किनारा म्हणजे स्वर्ग वाटला. दुपारभर मी पाण्याबाहेर आलो नाही.

काठावर बँकेतला एक कारकून बसला होता. तो पाण्याकडे बोट दाखवून हसत हसत म्हणाला, "लिकोड्झो." मला वाटलं, माशाचं नाव सांगतोय. मीही हसून म्हणालो, "हो, हो, लिकोड्झो, फार सुंदर."

चिचेवा भाषेत लिकोड्झो म्हणजे बिल्हार्झिया.

त्या संध्याकाळी पोटऱ्यांना खाज सुटली, बारीक पुरळ आलं. रात्रीतून गेलं. ऑक्टोबरमध्ये पुण्यात दहा दिवस ताप, खोकला, अंगावर पित्त उठल्यासारख्या गांध्या. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आली. रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी आहे, हिंजवडीची धूळ. तेही पटण्यासारखंच होतं. प्रत्येक गावाला आपापली कारणं असतात.

*

मे महिन्यात पुण्यातच एका मूत्ररोगतज्ज्ञाकडे गेलो. सोनोग्राफीत खडा नव्हता, मूत्राशयाची भिंत थोडी जाड दिसत होती. त्यांनी फाइल मिटली आणि विचारलं, "बाहेरदेशी गेला होता? एकटेच?" पुढचे प्रश्न कुठल्या दिशेने गेले, ते सांगायला नको. मी सगळ्यांना नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि एचआयव्हीसकट चार चाचण्या लिहून दिल्या. त्यांच्या जागी कुणीही लिहिल्या असत्या. रिपोर्ट निगेटिव्ह आले.

पण तो कागद मी मूर्खासारखा बॅगेत ठेवला आणि बॅग घेऊन घरी गेलो. आईने धुवायचे कपडे काढताना तो बाबांच्या हातात गेला.

तेव्हा माझ्यासाठी एक स्थळ आलेलं होतं. मुलगी अकोल्याची, फार्मसी केलेली. आम्ही दोनदा फोनवर बोललो होतो, मला आवडली होती. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त लावलेले. त्या रात्री जेवणं झाल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडं काही उलटसुलट तं नाई ना केलं?"

"पोहलो होतो, बाबा," मी म्हणालो. तेव्हा मला स्वतःलाच माहीत नव्हतं की हेच खरं उत्तर आहे. त्यांना ते टाळाटाळ केल्यासारखं वाटलं. ते उठून आत गेले. आठवड्याभरात त्यांनी त्या स्थळाला "सध्या थांबू" असा निरोप दिला. मला न विचारता. त्या मुलीचं पुढच्या फेब्रुवारीत लग्न झालं. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो, आणि बाबांवर नेमका कशासाठी रागवायचं, हे ठरत नाही.

निदान झालं ते अपघाताने. त्या तज्ज्ञाने मूत्राशयात दुर्बीण घालायची ठरवली. त्याआधी लघवी तपासायला ज्या प्रयोगशाळेत गेलो, तिथे एक मायक्रोबायोलॉजीच्या बाई होत्या. त्यांनी फॉर्म वाचला, जुना रक्ताचा रिपोर्ट मागितला, इओसिनोफिलच्या आकड्यावर पेन टेकवलं आणि इतक्या महिन्यांत कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला, "मलावीत तळ्यात उतरला होता का?"

मग म्हणाल्या, "उद्या दुपारी बाराला या. आधी चार मजले चढून-उतरून घ्या. आणि मला शेवटचे थेंब हवेत, पहिले नकोत."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण या कृमीची अंडी लघवीतून सगळ्यात जास्त पडतात ती दहा ते दोनच्या दरम्यान, आणि थोडा व्यायाम केला की आणखी. मी जिने चढलो. त्यांनी नमुना गाळला, काच भिंगाखाली ठेवली आणि मला बोलावलं. पिवळसर, लांबट अंडं, भोपळ्याच्या बीसारखं. एका टोकाला बारीक अणकुचीदार काटा. आत काहीतरी हलत होतं.

"शिस्टोसोमा हिमॅटोबियम," त्या म्हणाल्या. "पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच पाहतेय." त्यांच्या आवाजात आनंद होता आणि मला तो अजिबात खटकला नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे न बघता माझ्या आजाराकडे बघत होतं.

*

हा प्राणी काय आहे, ते त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत वाचलं.

रक्तात राहणारी चपटी कृमी. १८५१ साली कैरोच्या एका रुग्णालयात थिओडोर बिल्हार्झ नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरला एका शवाच्या शिरांमध्ये ती सापडली. त्याच्या नावावरून बिल्हार्झिया. बिल्हार्झ स्वतः सदतिसाव्या वर्षी टायफसने गेला. आजार मात्र त्याच्या कितीतरी आधीचा: १९१० मध्ये मार्क रफरला तीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन ममींच्या मूत्रपिंडात हीच अंडी सापडली.

नर साधारण सेंटीमीटरभर लांब. त्याचं अंग कडेने दुमडून लांब पन्हळ तयार होते आणि मादी त्या पन्हळीत राहते. जोडी एकदा जमली की वर्षानुवर्षं तशीच. माझं लग्न मोडत होतं तेव्हा माझ्याच मूत्राशयाच्या शिरांमध्ये असे किती संसार सुखात चालले होते, कुणास ठाऊक. मादी रोज अंडी घालते. अंड्याचा तो काटा शिरेची भिंत भेदत, मूत्राशयाची भिंत भेदत लघवीत उतरतो, म्हणून रक्त. आजार मात्र बाहेर पडणाऱ्या अंड्यांमुळे नव्हे, आत अडकणाऱ्यांमुळे होतो. साधारण निम्मी अंडी अडकतात. शरीर त्यांच्याभोवती गाठी बांधतं, भिंत जाड होते, पुढे तिथे चुना साठतो. वर्षानुवर्षं उपचार झाले नाहीत तर मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो. जगात ज्यांना यावर नियमित औषध द्यायला हवं, अशा माणसांची संख्या २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने २५ कोटींच्या वर मोजली होती. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली, आणि बरीचशी लहान मुलं. कित्येक ठिकाणी मुलग्याच्या लघवीत रक्त दिसणं हे वयात आल्याचं लक्षण मानलं जायचं.

आणि केप मॅक्लिअर? १९९२ मध्ये अमेरिकेच्या पीस कॉर्प्सचे दोन स्वयंसेवक तिथेच पाण्यात उतरले होते आणि त्यांच्या मज्जासंस्थेपर्यंत हा आजार गेला होता. मी स्वस्तात सुटलो. त्या सरोवरात गोगलगाई खाणारे मासे असतात. जाळ्यांनी ते मासे उपसले गेले, किनाऱ्यालगत गोगलगाई वाढल्या आणि आजारही वाढला, असं संशोधकांनी मांडलं आहे.

गोगलगाईंचा काय संबंध? तोच तर सगळा संबंध आहे.

लघवीतलं अंडं गोड्या पाण्यात पडलं की फुटतं. आतून निघालेल्या पिल्लाला केस असतात, त्यांनी ते पोहतं आणि गोगलगाय शोधतं. कुठलीही चालत नाही, ठरावीक जातीचीच लागते. हाती दिवसभराचाही वेळ नसतो. मिळाली तर तिच्या अंगात शिरून एकाचे हजारो होतात. काही आठवड्यांनी दुसऱ्याच रूपातली पिल्लं, शेपटीला फाटा फुटलेली, बाहेर पडू लागतात. ती पाण्यातल्या माणसाच्या कातडीतून काही मिनिटांत आत जातात. पाणी प्यायची गरज नाही, नुसतं उभं राहिलं तरी पुरे. माझ्या पोटऱ्यांची त्या संध्याकाळची खाज ती हीच. गोगलगाय मिळाली नाही, तर गोष्ट तिथेच संपते. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही. आईने माझे टॉवेल वेगळे धुवायला घेतले होते, त्याची गरज नव्हती.

औषधाचं नाव प्राझिक्वांटेल. वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम. माझं वजन ६७, म्हणजे ६०० मिलिग्रॅमच्या साडेचार गोळ्या, एका दिवसात. कडूजहर. मग चक्कर, पोटात मुरडा आणि दिवसभराची झोप. कोवळ्या कृमी या औषधाला दाद देत नाहीत, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा साडेचार. १९७० च्या दशकातलं औषध, कोट्यवधी लोकांनी घेतलेलं, आणि ते कृमीच्या नेमकं कुठे लागतं, हे २०१९ पर्यंत सापडलं नव्हतं. चाळीस वर्षं प्रोडक्शनमध्ये विनातक्रार चाललेला, कुणालाच न समजलेला कोड. असा कोड आमच्याकडेही आहे, त्याला कुणी हात लावत नाही.

*

दुसऱ्या डोसनंतर मी बरा झालो. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण रात्री दोन वाजता वाचत असताना मला एक गोष्ट आठवली होती आणि ती जात नव्हती.

संक्रांतीच्या त्याच मुक्कामात एका दुपारी आम्ही चार मित्र किल्ल्यामागे नदीवर गेलो होतो. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. जानेवारीत पाणी उतरून डोह राहतात. तिथे पोरं उतरतात, बाया कपडे धुतात, गुरं पाण्यावर येतात. आम्ही शाळेत असल्यापासून जे करत आलो तेच केलं, डोहाच्या काठाला उभे राहून लघवी केली. दुपारचे बारा-साडेबारा वाजले असतील. शेवटचे थेंब लाल होते. मी पाठ फिरवून उभा होतो.

म्हणजे अंडी पाण्यात पडली होती, अगदी भर दुपारी. दिवसातल्या ज्या वेळी ती सर्वांत जास्त पडतात, त्या वेळी.

आमच्या नदीत गोगलगाई भरपूर आहेत. लहानपणी आम्ही त्या वेचायचो. मेंढ्याच्या शिंगासारखी चपटी गुंडाळी असलेल्या, तपकिरी. त्यांचं नाव इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस, हे मला आत्ता कळलं. मी गावाला काय देऊन आलो होतो?

ही भीती माझ्या आधी एका आख्ख्या सरकारला वाटून गेली होती, हे वाचून थोडं बरं वाटलं. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिक इजिप्त आणि मेसोपोटेमियात लढले. परत येताना ते बिल्हार्झिया घेऊन आले, तर इथल्या तळ्या-नद्यांत तो रुजेल का? तेव्हा देशभरातल्या गोगलगाई आणि त्यांतून निघणारी पिल्लं तपासण्याचं काम सुरू झालं. सेवेल यांचं 'सर्केरिए इंडिके' हे १९२२ चं जाडजूड काम त्यातूनच आलं. मुंबईत परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, लिस्टन आणि एम. बी. सोपारकर यांनी १९१८ मध्येच गुरांच्या रक्तकृमीचं जीवनचक्र मांडलं होतं. ती कृमी वाढत होती इथल्याच चपट्या गोगलगाईत. माझ्या नदीतल्या.

पण ती गुरांची कृमी. माणसाच्या कृमीला आफ्रिकेतल्या बुलिनस जातीच्या गोगलगाई लागतात आणि त्या भारतात नाहीत. इथल्या चपट्या गोगलगाईत ती वाढत नाही. आमच्या भाषेत, जे तिथल्या मशीनवर चालतं, ते इथे इन्स्टॉलच होत नाही. इतके सैनिक, इतके व्यापारी, आफ्रिकेतून शिकायला येणारे इतके विद्यार्थी, आणि तरीही भारत कोरडा राहिला, तो आरोग्यखात्याच्या दक्षतेमुळे नव्हे. गोगलगाईंनी दारं उघडली नाहीत म्हणून.

मी समाधानाने लॅपटॉप मिटणार होतो, तेवढ्यात गिमवी आलं.

*

गिमवी. रत्नागिरी जिल्हा, गुहागर तालुका. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस'मध्ये एक शोध छापला: या गावात मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस आहे. गावातल्या लोकांच्या लघवीतून रक्त जातं, लघवीत काटा असलेली अंडी आहेत. आफ्रिकेत न गेलेल्या, कोकणातल्या शेतकरी माणसांच्या.

मी ते तीनदा वाचलं. माझ्याच टीममध्ये गुहागरकडचा एक जण आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, "गिमवी माहितीय ना, बस जाते तिथून. तिथे काय झालं?" त्याच्या घरी कुणीच हे ऐकलेलं नव्हतं.

गोगलगाईंच्या बाबतीत गाडगीळांच्या तपासात जे पुढे आलं, ते बुलिनस नव्हतंच. फेरिसिया टेन्युइस. गुंडाळी नसलेली, टोपीसारख्या शंखाची, दगडाला नाहीतर पानाच्या खालच्या बाजूला चिकटून बसणारी काही मिलिमीटरची गोगलगाय. शोधायला गेल्याशिवाय दिसणार नाही अशी. पुढे हाफकिनच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या आसपास पुन्हा पाहणी केली, जनावरांतही शोधलं, १९९१ मध्ये गावकऱ्यांच्या रक्ताच्या एलायझा चाचण्यांवरचा निबंध आला. तोवर आजार ओसरत गेला होता. पण तो त्या एका गावातच का आणि कुठून आला, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. माझ्यासारखाच कुणीतरी कुठूनतरी येऊन एका दुपारी पाण्याच्या काठाला उभा राहिला असेल का, हा विचार मी करायला नको होता. केला.

म्हणजे दार बंद असतं, पण प्रत्येक गावाचं नाही.

*

पुढच्या डिसेंबरात गावी गेलो तेव्हा आबाजींना घेऊन नदीवर गेलो. काय शोधायचंय ते सांगितलं. त्यांनी काठी टेकवत बूड टेकलं आणि मी डोहाच्या काठचे दगड उलटे करायला लागलो, पाण्यात पडलेली पानं उचलून खालून बघायला लागलो. चपट्या शिंगासारख्या गोगलगाई पसाभर मिळाल्या. टोपीवाली एकही नाही. दोन तासांत एका माणसाला मिळाली नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही. तसं कामाच्या ठिकाणी मला कुणी सांगितलं असतं, तर मी ते मान्य केलं नसतं. पण दुसरं काय करणार? जानेवारी होऊन अकरा महिने झाले होते. पोरं पोहत होती. कुणाच्या लघवीतून रक्त जात असल्याचं ऐकलं नव्हतं. अर्थात, ऐकलं असतं तरी गावाने त्याला मुतखडाच म्हटलं असतं.

"या गोगलगाईतून कायचा जंत होते म्हनला?" आबाजींनी एक हातात घेऊन विचारलं.

"गुरांचा. काही गुरांच्या रक्तात राहतात. पोरांना डोहात खाज सुटते ना, तीही यांच्यामुळे असू शकते. माणसात ते वाढत नाहीत, कातडीतच मरतात. आणि एक असतो तो बैलाच्या नाकात."

आबाजी गोगलगाय फिरवत राहिले. "नाकात."

मला बोलताना लक्षातच आलं नव्हतं. आमचा लाल्या. मी सात-आठ वर्षांचा असताना गोठ्यात होता. रात्री त्याचं घोरणं माजघरापर्यंत ऐकू यायचं, करवत ओढल्यासारखं. नाकातून शेंबूड, कधी रक्त. आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. तो दोन तास औत ओढला की तोंड उघडून उभा राहायचा. आबाजी त्याला मारत नसत, पण शेजारचे म्हणत, कामचोर आहे.

शिस्टोसोमा नेझेल. १९३३ मध्ये मद्रासकडच्या एम. ए. एन. राव यांनी तिचं वर्णन केलं. बैलाच्या नाकातल्या शिरांमध्ये राहते, फुलकोबीसारखे कोंब आणते, श्वास कोंडतो, म्हणून घोरणं. अंडी बूमरँगसारखी वाकडी, शेंबडातून पाण्यात पडतात. पाण्यावर बैल तोंड लावतो तेव्हा. आणि गोगलगाय हीच, आबाजींच्या हातातली. माझ्या कृमीची सख्खी चुलत बहीण.

"डाक्तर आला होता त्याले पाह्याले," आबाजी म्हणाले. "नाकात जंत हायेत म्हने. तवा म्या म्हटलं, जंत पोटात रायते, नाकात कायचे? सुया घ्या लागतीन म्हने, चार का पाच. दोन देल्ल्या. मंग पेरनी आली."

ती इंजेक्शनं बहुतेक अँटिमनीची असावीत, या आजारावर गुरांना तीच द्यायचे. माणसांनाही १९१८ पासून दिली जायची. इजिप्तमध्ये तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लाखो लोकांना शिरेतून दिली, त्याच त्या सुया वापरून, आणि त्यातून देशभर हिपॅटायटिस सी पसरला. मी हे आबाजींना सांगायला लागलो होतो. त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्या त्याले बाजारात इकून टाकला," ते म्हणाले. "घेनाऱ्यानं नाकाकडं पाह्यलंच नाई. म्या बी सांगतलं नाई."

डोहात एक पोरगा दगडावरून उडी मारत होता. वर येऊन पुन्हा मारत होता.

"तुले किती गोया लागल्या?"

"साडेचार. दोनदा."

"म्हंजे नऊ," त्यांनी हिशेब केला. मग विचारलं, "बाबाले सांगतलं का तुह्या?"

बाबांना मी जूनमध्येच सगळं सांगितलं होतं. अंड्याचा फोटोही दाखवला होता, मोबाइलवर मोठा करून. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला, काट्यावर बोट ठेवलं आणि "असं होय" एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी ते मला न सांगता पानफुटीची कुंडी अंगणातून उचलून मागच्या दारी ठेवून आले. त्या स्थळाचा विषय आमच्या घरात पुन्हा निघालेला नाही.

"सांगितलं," मी म्हणालो.

आबाजी उठले. घरी जायला आम्हाला पाऊण तास लागला, कारण ते वाटेत प्रत्येकाला थांबून सांगत होते की नातवाला मुतखडा नव्हता. संध्याकाळी आईने त्यांचा सदरा भिजवला तेव्हा खिशातून गोगलगाय निघाली, आणि ती बादलीच्या कडेला चढत असलेली पाहून आई इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या.